पॅलेस्टाईनचे ऑलिव्ह तेल आणि ते काढणारे शेतकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुबई, दोहा, कुवेतकडे राहणाऱ्या मराठी माणसाला हे तेल कधी ना कधी भेटतेच. ऑफिसातला पॅलेस्टिनी सहकारी नोव्हेंबर-डिसेंबरात गावाकडून आलेल्या डब्यातली एक बाटली भरून देतो. आपण घरी नेऊन चाखतो, घशात तिखट लागते, ठसका येतो आणि मग प्रश्न सुरू होतात. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरे लांबली आहेत, कारण तो विषय दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

हे तेल नेमके कुठे पिकते?

मुख्यतः वेस्ट बँकेच्या, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या आणि १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात असलेल्या पॅलेस्टिनी प्रदेशाच्या, डोंगराळ भागात. जेनिन, तुलकर्म, नाबलुस, सल्फित, रामल्ला हे त्यातले ठळक जिल्हे. चुनखडीचे उतार, त्यांवर दगडावर दगड रचून घातलेल्या ताली आणि तालींवर झाडे, असा सगळा मुलूख. बहुतेक शेती कोरडवाहू आहे. हिवाळ्यात पाऊस पडतो, मे ते सप्टेंबर जवळजवळ थेंब नसतो, आणि झाड जमिनीत मुरलेल्या ओलीवर उन्हाळा काढते.

वेस्ट बँक आणि गाझा मिळून लागवडीखालच्या जमिनीपैकी जवळपास निम्म्या जमिनीवर ऑलिव्ह आहे. झाडे साधारण एक कोटी. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार ८० हजार ते १ लाख कुटुंबांच्या उत्पन्नात या पिकाचा काही ना काही वाटा असतो. (हे आकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या गाझा युद्धाच्या आधीचे आहेत. गाझाचे पुढे वेगळे सांगितले आहे.)

म्हणजे हे सगळे पूर्णवेळ शेतकरी आहेत का?

नाही. वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे लहान झाले आहेत. झाडांचा मालक एरवी शिक्षक, गवंडी, टॅक्सीवाला किंवा कारकून असतो आणि ऑक्टोबरात रजा टाकून बागेत उतरतो. पूर्वी अनेक घरांत एखादा तरी माणूस इस्रायलमध्ये बांधकामावर जायचा. ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलने लाखाहून जास्त कामगारांचे परवाने थांबवले. महिन्याचा पगार बंद झाला आणि जोडधंदा म्हणून पाहिलेले तेल एकदम घरखर्चाचा आधार झाले. नेमका त्याच काळात बागेत जाणेही अवघड होऊन बसले.

एका वर्षी तेल मुबलक आणि पुढच्या वर्षी मिळतच नाही, असे का?

आपल्या हापूससारखेच ऑलिव्हचे झाडही वर्षाआड धरते. भरघोस वर्षानंतरचे वर्ष झाडाच्या विश्रांतीचे. पॅलेस्टिनी शेतकरी चांगल्या वर्षाला 'मासी' आणि उतरत्या वर्षाला 'शलतूनी' म्हणतात. २०२२ चा हंगाम जोरदार होता, ३० हजार टनांच्या वर तेल निघाले. २०२३ मध्ये ते निम्म्याच्याही खाली घसरले. त्यात झाडाचा स्वभाव होता आणि युद्धही. जगाच्या एकूण उत्पादनात हा वाटा एक टक्क्याच्या आसपास भरतो. स्पेनपुढे काहीच नाही.

जाणती घरे मासी वर्षातले तेल पुढच्या वर्षासाठी राखून ठेवतात. साठवण पत्र्याच्या डब्यात. डब्याला 'तनके' म्हणतात आणि एकात साधारण १५-१६ किलो तेल मावते. गावात भाव विचारायचा तो तनक्याचाच, लिटरचा नव्हे.

जाती कोणत्या?

जुनी आणि मानाची जात नबाली, तिला 'नबाली बलदी' म्हणतात, म्हणजे गावठी नबाली. तिच्यासोबत सूरी. 'नबाली मुहस्सन' ही सुधारित जात फळाने मोठी, पण तेलाच्या बाबतीत म्हातारी माणसे नाक मुरडतात. निदान या बाबतीत म्हाताऱ्यांचे ऐकावे असे माझे मत आहे.

तोडणी कशी करतात?

ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरपर्यंत. पहिला पाऊस पडून गेला की बरे, उन्हाळ्याची धूळ पानाफळांवरून धुऊन निघते. झाडाखाली ताडपत्री किंवा जुन्या चादरी अंथरतात. हाताने, नाहीतर प्लास्टिकच्या लहान दाताळ्याने फांदी ओरबाडली की फळे टपटप खाली पडतात. उंच फांद्यांना शिडी. काठीने झोडपणारेही आहेत, पण त्याने पुढच्या वर्षीची कोवळी डहाळी मोडते आणि फळाला मार लागतो, म्हणून समजूतदार घरांत पोरांच्या हातून काठी काढून घेतली जाते. म्हाताऱ्या बायका चादरीजवळ बसून पाने-काड्या निवडतात. शाळा-कॉलेजांना या दिवसांत सुट्ट्या मिळतात. दुपारी झाडाखालीच चूल पेटते, टोमॅटोची भाजी, चीज, रोटी आणि साखर घातलेला चहा.

फळ किती पिकल्यावर तोडायचे यावर घरोघरी वाद असतात. हिरवे असताना तोडले तर तेल कमी पण झणझणीत आणि टिकाऊ. काळे होऊ दिले तर तेल जास्त पण चवीला मवाळ.

घाणीवर काय होते?

फळे गोणीत साठून राहिली की आतून गरम होतात, आंबू लागतात आणि तेलाची आम्लता चढते. म्हणून तोडल्या दिवशीच, फार तर दुसऱ्या दिवशी, घाणीवर न्यायची धडपड असते. अरबीत घाणीला 'मासरा' म्हणतात. पूर्वी दगडी जाते जनावराकडून फिरवत, आता बहुतेक ठिकाणी स्टीलची यंत्रे आहेत. हंगामात ती रात्रभर चालतात. ट्रॅक्टर, टेम्पो, गाढवे यांची रांग लागते. ज्याचा त्याचा माल वेगळा गाळला जातो, दुसऱ्याच्या फळात मिसळत नाहीत. त्यामुळे मालक स्वतः उभा राहून पाहतो: फळे धुतली जातात, पाने पंख्याने उडवली जातात, बियांसकट लगदा होतो, तो लगदा कढईसारख्या भांड्यात अर्धा-पाऊण तास हलके हलके घोळवला जातो आणि मग फिरत्या पिंपात तेल-पाणी-चोथा वेगळे होतात. शेवटी नळातून गढूळ हिरवी धार पडते. मालक पावाचा तुकडा पुढे करतो. पहिली चव तिथेच, उभ्या उभ्या.

साधारण चार-पाच किलो फळांना एक किलो तेल पडते. घाणीवाला मजुरी रोख घेतो किंवा तेलातला हिस्सा घेतो. उरलेल्या पेंडेला 'जिफ्त' म्हणतात, ती थंडीत शेगडीत आणि भट्टीत जाळायला उपयोगी पडते. चोथ्याचे काळे पाणी मात्र डोकेदुखी आहे, ओढ्यात सोडले तर पाणी नासते.

तेल कडू आणि तिखट लागले. खराब आहे का?

उलट. ताज्या, हिरव्या फळाच्या तेलात पॉलिफेनॉल नावाची द्रव्ये जास्त असतात. त्यांतल्या ओलिओकॅन्थल नावाच्या घटकामुळे घशाच्या मागे मिरीसारखे चरचरते. ठसका येणे ही तारीफच समजावी. खराब तेलाला खवट, जुन्या शेंगदाण्यासारखा किंवा आंबलेल्या फळाचा वास येतो.

'एक्स्ट्रा व्हर्जिन' म्हणवून घ्यायला तेलाची आम्लता ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी आणि चव घेणाऱ्या तज्ज्ञांना दोष सापडता कामा नये. आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषदेचा हा मापदंड आहे आणि पॅलेस्टाईन २०१७ पासून तिचा सदस्य आहे. सहकाऱ्याच्या घरून आलेले प्रत्येक तेल त्यात बसेलच असे नाही. गावात अजूनही गोणीत चार दिवस ठेवलेल्या फळांचे, जड वासाचे तेल आवडीने खाणारे आहेत.

झाडाला एवढे महत्त्व का? दुसरे पीक घेता येणार नाही का?

भावना आहेच, पण तिच्याखाली एक कोरडी कायदेशीर गोष्ट आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही.

१८५८ मध्ये उस्मानी सल्तनतीने जमीन कायदा केला. त्यातल्या 'मिरी' वर्गाच्या जमिनीवर शेतकऱ्याला कसण्याचा हक्क होता, पण सलग तीन वर्षे जमीन पडीक ठेवली तर तो हक्क जाऊ शकत होता. सल्तनत गेली, ब्रिटिश आले नि गेले, जॉर्डनचा अंमल आला नि गेला, कायदा मात्र राहिला. १९७९ मध्ये एलोन मोरे प्रकरणात इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने खासगी पॅलेस्टिनी जमीन वसाहतीसाठी (वेस्ट बँकेत इस्रायली नागरिकांसाठी वसवलेल्या गावाला वसाहत म्हणतात) ताब्यात घेणे अडवले. त्यानंतर सरकारने दुसरी वाट धरली: जी जमीन कसलेली नाही, ती 'सरकारी जमीन' जाहीर करायची. आधार हाच जुना उस्मानी कायदा. बऱ्याचशा जमिनींची मोजणी आणि नोंदणी कधी पूर्णच झाली नव्हती, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात सातबारा दाखवण्यासारखे काही नाही.

अशा वेळी तालीवर उभे असलेले ऑलिव्ह हाच कसल्याचा पुरावा. भाजीपाला दरवर्षी लावावा लागतो, पाणी लागते, राखण लागते. ऑलिव्ह एकदा लागले की पिढ्यान्‌पिढ्या उभे राहते आणि हवाई छायाचित्रातही दिसते. म्हणून डोंगरमाथ्यावर, जिथे नफा-तोट्याच्या हिशेबात कोणी रोप लावणार नाही तिथेही रोपे लावली जातात. आणि झाड तोडणारा काय तोडतो आहे हे दोन्ही बाजूंना नीट ठाऊक असते.

स्वतःच्या बागेत जायला परवानगी का लागते?

१९९० च्या दशकात इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांत झालेल्या ओस्लो करारानंतर वेस्ट बँकेचे अ, ब आणि क असे तीन भाग झाले. क भाग सुमारे ६० टक्के, तो पूर्णपणे इस्रायली लष्कराच्या ताब्यात. गाव अ किंवा ब मध्ये आणि बाग क मध्ये, ही नेहमीची स्थिती.

त्यात २००२ पासून विभाजक भिंतीचे बांधकाम सुरू झाले. काही ठिकाणी उंच काँक्रीट, बहुतेक ठिकाणी कुंपण, खंदक आणि गस्तीचा रस्ता. आत्मघाती हल्ले रोखण्यासाठी ती हवी, असे इस्रायलचे म्हणणे. पण नियोजित मार्गाचा सुमारे ८५ टक्के भाग वेस्ट बँकेच्या आतून जातो. ९ जुलै २००४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागार मतात हे बांधकाम आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध ठरवले. बांधकाम थांबले नाही.

भिंतीपलीकडे बाग असलेल्यांसाठी शेतीची फाटके आहेत. काही रोज उघडतात, काही आठवड्यातून एखाद-दोन दिवस, आणि बरीचशी फक्त तोडणीच्या दिवसांत. उघडतात तीही ठरावीक वेळेला आणि थोडा वेळ. परवाना माणसाच्या नावाने निघतो. साठी उलटलेल्या बापाला मिळतो, शिडीवर चढू शकणाऱ्या मुलाला नाही, असे प्रकार सर्रास होतात. ट्रॅक्टर आत न्यायचा तर वेगळी मंजुरी. वसाहतींजवळच्या बागांसाठी लष्कर 'समन्वयाचे' दिवस ठरवून देते. ते दोन-तीन दिवस असतात, त्यात पाऊस लागला तर लागला. वर्षभर नांगरट, छाटणी, तण काढणे होत नाही, त्यामुळे झाड कमी धरते आणि वाळलेल्या गवतामुळे आगीची भीती वाढते.

२००६ मध्ये इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शेतकऱ्यांना बागेत जाऊ देणे आणि त्यांचे संरक्षण करणे हे लष्कराचे कर्तव्य आहे. हल्ल्याची भीती आहे म्हणून शेतकऱ्यालाच अडवणे हा उपाय नव्हे. निकाल चांगला आहे. अंमलबजावणी फाटकावरच्या अधिकाऱ्यावर अवलंबून असते.

२०२३ च्या हंगामात समन्वय जवळजवळ बंदच झाला. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीनुसार त्या वर्षी वेस्ट बँकेत ९६ हजार दुनमांहून जास्त बागांची तोडणीच झाली नाही. एक दुनम म्हणजे हजार चौरस मीटर, आपले साधारण दहा गुंठे. म्हणजे सुमारे २४ हजार एकर फळ झाडावरच वाळले. तेलाचे नुकसान १,२०० टन, पैशात सुमारे एक कोटी डॉलर.

झाडे तोडल्याच्या, शेतकऱ्यांवर हल्ल्याच्या बातम्या कितपत खऱ्या?

खऱ्या आहेत, आणि नोंदवलेल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांचे मानवतावादी कार्यालय २००६ पासून वसाहतकऱ्यांच्या हल्ल्यांची मोजदाद ठेवते. ऑक्टोबर २०२५ मध्ये २६० हून जास्त हल्ले नोंदले गेले, एका महिन्यातला तोवरचा सर्वांत मोठा आकडा. हे सारे एकाच प्रकारचे नसतात: फळे भरलेल्या गोण्या पळवणे, झाडांच्या फांद्या करवतीने कापणे, गाड्या जाळणे, तोडणी करणाऱ्यांना काठ्या-दगडांनी मारणे. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी जेनिनजवळच्या फक्कुआ गावात तोडणी करत असलेली ५९ वर्षांची स्त्री इस्रायली सैनिकाच्या गोळीने मेली.

झाडे सगळी वसाहतकरीच तोडतात असे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये रामल्लाच्या ईशान्येकडे अल-मुघय्यिर गावात लष्कराने बुलडोझर लावून झाडे उखडली. गावच्या पंचायतीने आकडा तीन हजारांच्या आसपास सांगितला, तर रस्त्याच्या सुरक्षेसाठी हे केले असे लष्कराने म्हटले.

याच बागांत शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहायला इस्रायली ज्यू स्वयंसेवकही येतात. 'रब्बाय्ज फॉर ह्युमन राइट्स' ही धर्मगुरूंची संघटना कित्येक वर्षे हंगामात माणसे पाठवते आहे. त्यांनाही मार बसलेला आहे.

गाझातल्या बागांचे काय झाले?

फार थोडे उरले आहे. जुलै २०२५ अखेरच्या उपग्रह पाहणीत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सांगितले की गाझातल्या शेतजमिनीपैकी जेमतेम १.५ टक्का जमीन पोचता येण्याजोगी आणि न बिघडलेली होती.

इस्रायलमधले ऑलिव्ह तेलही पॅलेस्टिनी असू शकते का?

हो. गॅलिलीतल्या अरब गावांत, उदाहरणार्थ रामेह, ऑलिव्हची मोठी परंपरा आहे. तिथले शेतकरी इस्रायलचे नागरिक आहेत. १९९६ पासून चालणारी 'सिंद्याना ऑफ गॅलिली' ही अरब आणि ज्यू बायकांनी मिळून चालवलेली संस्था असे तेल विकते.

जाता जाता: इस्रायलमध्ये मराठी बोलणारे बेने इस्रायली आहेत. कोकणात, अलिबागकडे, त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. तेलाशी त्यांचे नाते जुने आहे, पण या तेलाच्या गोष्टीत त्यांचा थेट भाग नाही.

हे तेल महाग का?

उतारावर यंत्र चालत नाही, हाताने तोडावे लागते. पाणी नाही म्हणून झाडामागे फळ कमी. स्पेनमध्ये ओळीने लावलेल्या, ठिबकवर वाढवलेल्या झुडपांतून यंत्र जाते, त्या तेलाशी भावात टक्कर शक्य नाही. शिवाय निर्यातीचा माल तपासनाक्यावर एका ट्रकमधून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागतो आणि बहुतेक वेळा इस्रायली बंदरातून जातो. प्रत्येक टप्प्यावर वेळ आणि भाडे वाढते.

जास्त दिलेले पैसे शेतकऱ्यापर्यंत पोचतात का?

कोणाकडून घेता त्यावर आहे. जेनिनजवळच्या बुर्किन गावी २००४ मध्ये नासिर अबूफरहा यांनी 'कनान फेअर ट्रेड' सुरू केली. गावोगावच्या शेतकऱ्यांच्या सहकारी गटांकडून ती सेंद्रिय तेल घेऊन बाहेर पाठवते. ब्रिटनमध्ये 'झैतून' ही संस्था त्याच काळात उभी राहिली, आणि २००९ मध्ये जगातले पहिले फेअरट्रेड शिक्क्याचे ऑलिव्ह तेल बाजारात आले ते पॅलेस्टाईनचे. अशा व्यवस्थेत भाव आधी ठरतो आणि गटाला वर काही रक्कम मिळते. त्यातून डबे-क्रेट, घाणीची दुरुस्ती, रोपे असे खर्च भागतात. चांगल्या तेलाला जास्त भाव मिळू लागला तसे गोणीऐवजी क्रेट आले आणि त्याच दिवशी गाळण्याची सवय लागली.

दया म्हणून मात्र घेऊ नका. तेल चांगले असेल तर घ्या, नसेल तर दुकानदाराला तसे सांगा. शेतकऱ्यालाही तेच हवे असते.

वसाहतीत बनलेले तेल ओळखायचे कसे?

युरोपात त्यासाठी नियम आहे. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला की व्याप्त प्रदेशातल्या वसाहतींच्या मालावर तसे स्पष्ट लिहिले पाहिजे, नुसते 'इस्रायल' पुरेसे नाही. इतरत्र लेबलवर गाव, सहकारी संस्था आणि हंगामाचे वर्ष पाहावे. तिन्हींपैकी काहीच नसेल तर मी ती बाटली घेत नाही, मग ती कुठल्याही देशाची असो.

नाबलुसी साबण याच तेलाचा का?

परंपरेने हो. ऑलिव्ह तेल, पाणी आणि सोडा, एवढेच. मोठ्या कढईत कित्येक दिवस शिजवून वरच्या मजल्यावर जमिनीभर ओततात, घट्ट झाला की वड्या पाडून शिक्का मारतात आणि हवा खेळावी म्हणून पोकळ मनोऱ्यांत रचून सुकवतात. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने ही कला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आज मात्र प्रत्येक वडीत स्थानिक तेलच असेल असे समजू नये. खाण्याचे तेल महाग झाल्यावर आयात तेल वापरणारे कारखाने आहेत.

सर्वांत जुने झाड कोणते?

बेथलेहेमजवळ अल-वलजा गावातले 'अल-बदावी'. वय चार ते साडेपाच हजार वर्षे सांगतात. अशी वयाची अनुमाने सैलच असतात, कारण जुन्या ऑलिव्हचा गाभा पोकळ झालेला असतो. शेजारच्या बत्तीर गावच्या ताली २०१४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

आपल्या स्वयंपाकात कसे वापरावे?

भजी-पुऱ्या तळायला नको. बिघडते म्हणून नव्हे, वास आणि चव उडून जाते आणि पैसे वाया जातात. तिथे सकाळी रोटी आधी तेलात आणि मग 'झातर'मध्ये बुडवून खातात. झातर म्हणजे रानओव्यासारखा पाला, तीळ आणि आंबट सुमाक. आपल्याकडे कारळ्याच्या किंवा जवसाच्या चटणीवर कच्चे घाला, भाकरीशी झकास लागते. नव्या तेलाचा त्यांचा खास पदार्थ 'मुसखन': तेलात निथळणारी रोटी, तीवर भरपूर कांदा, सुमाक आणि कोंबडी. कांदा कमी पडला तर फसतो.

बाटली चुलीपासून आणि उजेडापासून लांब ठेवा. मोठा डबा आणला तर लगेच गडद रंगाच्या लहान बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवा. फ्रीजमध्ये गोठल्यासारखे दिसले तर घाबरू नका, बाहेर काढल्यावर पूर्ववत होते. हंगामापासून दीड वर्षाच्या आत संपवावे.

हंगामात मदतीला जाता येते का?

परदेशी स्वयंसेवक वर्षानुवर्षे जातात. पण वेस्ट बँकेत शिरायचे म्हणजे इस्रायलच्या ताब्यातल्या नाक्यावरूनच जावे लागते, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नाबलुसजवळच्या बुरीन गावी तोडणीला आलेल्या तिसेक परदेश्यांना इस्रायलने परत पाठवण्याचा आदेश काढला. जायचेच असेल तर त्या भागात आधीपासून काम करणाऱ्या संस्थेमार्फत जा, आणि बागेत यजमान जिथे थांबायला सांगेल तिथेच थांबा.